कलाभवनाच्या गावात सिनेमाचे शिक्षण वर्ज्य?

मंडळाच्या शैक्षणिक साहाय्य निधीची बैठक गेल्या महिन्यात झाली. एकूण ११ अर्ज आले होते. त्यांतले १० अर्ज पाऊण तासात मंजूर झाले. कोणी वैद्यकीयला, कोणी अभियांत्रिकीला, दोघे सनदी लेखापालाच्या परीक्षेला बसणारे. अकरावा अर्ज एका मुलीचा होता. वडील कारखान्यात फोरमन, आई घरी शिवणकाम करते, घराणे चार पिढ्या बडोद्यात. मुलगी बी.कॉम. पहिल्या वर्गात उत्तीर्ण. संज्ञापन व चित्रपटनिर्मिती या विषयाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आपल्याला प्रवेश मिळाला आहे, बँकेचे कर्ज घेण्याची तयारी आहे, मंडळाने थोडा हातभार लावावा, असे तिने अर्जात लिहिले होते.

अर्ज वाचून होताच बैठकीत हशा पिकला. त्या हशात दुष्टपणा नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अहो, मंडळाचा पैसा आता सिनेमाला द्यायचा का?" दुसऱ्यांनी नियमावली काढली. नियम ७ म्हणतो की, साहाय्य 'वैद्यकीय, अभियांत्रिकी, सनदी लेखापाल, विधी व तत्सम व्यावसायिक शिक्षणासाठी' दिले जाईल. सिनेमा 'तत्सम'मध्ये बसतो की नाही यावर पाच मिनिटे बोलणे झाले आणि अर्ज पुढील विचारासाठी बाजूला ठेवला गेला. आपल्याकडे पुढील विचार म्हणजे काय, हे जुन्या सभासदांना सांगायला नको. मुलगी बाहेर बाकावर बसून होती. तिला आत बोलावून निर्णय सांगितला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "काका, मला सिनेमात जायचं नाहीये. सिनेमा करायला शिकायचंय."

याला उत्तर कोणापाशीच नव्हते. निधीचे हिशेब घेऊन बसलेल्या आमच्यापाशीही नव्हते. आम्ही गप्प राहिलो. ती चूक सुधारावी म्हणून येत्या वार्षिक सभेत नियम ७ बदलण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्यामागची कारणे सभासदांपुढे आधीच ठेवावीत, यासाठी हा लेखनप्रपंच. सदर मुलीशी आमचे कोणतेही नाते नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो.

पहिले कारण आपल्या गावातच उभे आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढले. मुलांनी नुसती कारकुनी न शिकता हाताचे, यंत्राचे आणि रसायनाचे शिक्षण घ्यावे, हा त्यामागचा हेतू. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर तिथले प्रमुख होते. त्याच १८९० साली त्र्यंबकेश्वरच्या एका वैदिक ब्राह्मण कुटुंबातला वीस वर्षांचा तरुण या कलाभवनात दाखल झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकून तो आला होता. इथे त्याने प्रकाशचित्रण शिकून घेतले. पुढे गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय केला. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि हा माणूस भारतीय चित्रपटाचा जनक ठरला. आज त्याच्या नावाने केंद्र सरकार सिनेमाक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देते. कलाभवनाच्या इमारतीत आज विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले तिथेच शिकली. नियम ७ प्रमाणे त्या मुलांना साहाय्य मिळते. फाळक्यांनी अर्ज केला असता, तर तो 'पुढील विचारासाठी' ठेवावा लागला असता!

आम्ही बँकेत काम करतो, म्हणून फाळक्यांच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट आमच्या नजरेत भरते. १९१२ साली सिनेमाचे तंत्र शिकायला आणि सामग्री आणायला ते लंडनला गेले, तेव्हा पैसा कुठून उभा केला? स्वतःच्या विमा पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर भांडवलदाराला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना रोज थोडे थोडे चित्रीकरण केले आणि रोपट्याची वाढ पडद्यावर डोळ्यांदेखत करून दाखवली. तेवढ्यानेही पुरले नाही, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही त्या माऊलीने शिकून घेतली. म्हणजे भारतीय सिनेमाची सुरुवात शिक्षणाने, कर्जाने आणि बायकोच्या दागिन्यांनी झाली आहे. यातले काय आपल्या घरांना परके आहे?

दुसरे कारणही बडोद्याचेच. याच महाराजांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. १९१५ साली बाबासाहेब एम.ए. झाले. १९१७ साली ते बडोद्यात नोकरीस आले, तेव्हा या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. ती लाज आपली आहे आणि ती विसरता कामा नये. पण आमचा मुद्दा पुढचा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. अर्थशास्त्रात एम.ए. झालेल्या त्या विद्वानाला पहिल्या काही कामांत वृत्तपत्र काढणे निकडीचे वाटले. ज्यांचे म्हणणे मांडणारा कोणी नाही, त्यांची बाजू दुसरे लोक आपल्या सोयीने मांडतात, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्याकडे पाहू. आपण बडोद्याचे मराठी महाराष्ट्रात गेलो की 'गुजरातचे', आणि इथे दोनशे वर्षे राहूनही 'महाराष्ट्राचे'. निवडणूक आली की उमेदवार दांडिया बाजारात येऊन 'कसं काय, बरं आहे ना' एवढे मराठी बोलतात आणि निघून जातात. आपली नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. ते वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही, आमचीही शिकतात. पण आजी-आजोबांच्या बोलण्यातली गायकवाडी मराठी, तिच्यात मुरलेले गुजराती शब्द, वाड्यातले सण, जुन्या नाट्यप्रयोगांच्या आठवणी, रावपुऱ्यातल्या पेढ्या आणि त्यांचे मालक, हे सारे आज किती घरांत नीट नोंदलेले आहे? २०१८ साली ९१वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरात भरले. आपण सगळे राबलो. त्या दिवसांचे आपल्या घरात काय उरले आहे? फोनमधल्या दोन-दोन मिनिटांच्या चित्रफिती, त्याही आवाज न कळणाऱ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा मंडळात पेढे वाटले. पेढे संपले. मराठी शाळेचा प्रश्न घेऊन, वाचनालयाच्या जागेचा प्रश्न घेऊन आपण महापालिकेत जातो, तेव्हा हातात अर्जाच्या चार ओळींपलीकडे काही नसते. आपले जगणे पाहता येईल, ऐकता येईल अशा रूपात मांडणारा शिकलेला माणूस आपल्यात नाही. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, बँकवाले तर घरटी एक आहेत.

पण 'समाजाची सेवा' या एका कारणासाठी कोणाच्या मुलीने आपले आयुष्य पणाला लावावे, असे आम्ही सुचवणार नाही. तिच्या वडिलांनी विचारलेले प्रश्न साधे आहेत. हे शिक्षण म्हणजे नक्की काय? त्यातून पोट भरते का? कर्ज फिटेल का? त्यांची उत्तरे दिल्याशिवाय ठराव मांडण्याचा आम्हांला अधिकार नाही.

शिक्षणाचे स्वरूप आधी पाहू. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. संज्ञापनाच्या एम.ए.त वृत्तपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी, जाहिरात, जनसंपर्क, माध्यमांचे कायदे आणि संशोधनाची पद्धत शिकवतात, आणि शेवटी प्रबंध अथवा प्रकल्प असतो. चित्रपटनिर्मितीत पटकथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन असे वेगवेगळे कसब असते, आणि सगळ्यांना जोडणारे निर्मितीचे काम असते. किती दिवसांचे चित्रीकरण, कोणाला किती मानधन, कोणती परवानगी कुठून आणायची, खर्च अंदाजपत्रकात कसा बसवायचा, हे सारे त्यात येते. वाणिज्य शाखेच्या मुलीला ते जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या घरचे लग्न आठवावे. तिथे सगळ्यांत जास्त मागणी हिशेब ठेवणाऱ्याला असते.

संस्थाही जवळच आहेत. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पत्रकारिता व संज्ञापनाची विद्याशाखा आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत चित्रपट व व्हिडिओ संज्ञापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे, आणि प्रभात कंपनीच्या जुन्या आवारात १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कोलकात्याला सत्यजित राय यांच्या नावाची संस्था आहे. दिल्लीला जामिया मिलियाचे जनसंज्ञापन केंद्र आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन यांना कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. ध्वनी शाखेला मात्र बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र विचारले जाते. पूर्वी या संस्था पदविका देत आणि 'डिप्लोमा म्हणजे डिग्री नव्हे' असे आपण नाक मुरडत असू. २०२४ साली दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेला आणि २०२५ साली पुणे व कोलकाता येथील दोन्ही चित्रपट संस्थांना अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नाक मुरडण्याचे तेही कारण आता उरले नाही.

खासगी संस्थांबद्दल मात्र सावध राहावे. चकचकीत माहितीपत्रक, भिंतीवर नटांचे फोटो आणि लाखोंची फी, एवढ्यावर प्रवेश घेऊ नये. कोणत्या विद्यापीठाची पदवी मिळणार, एका कॅमेऱ्यामागे किती मुले, प्रत्येकाला स्वतःची किती लघुचित्रे करायला मिळतात, आणि तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज काय करतात, हे चार प्रश्न प्रवेशाआधी विचारावेत. उत्तरे लेखी मागावीत. मुलींच्या बाबतीत वसतिगृह कसे आहे आणि २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत तक्रार समिती आहे का, हेही विचारावे. रात्रीचे काम या धंद्यात असते. ते नर्सिंगमध्येही असते, डॉक्टरकीतही असते. तिथे आपण मुलींना पाठवतोच.

पोट भरते का? याचे प्रामाणिक उत्तर असे की, पहिली काही वर्षे ओढाताणीची असतात. या क्षेत्रात बरेचसे काम कंत्राटावर चालते. आज काम आहे, पुढचे दोन महिने नाही. बँकेसारखी महिन्याच्या शेवटी खात्यावर रक्कम जमा होत नाही. ज्याला हे सोसणार नाही त्याने या वाटेला जाऊ नये, आणि गेलाच तर घरच्यांना अंधारात ठेवू नये. पण या शिक्षणाचा बाजार म्हणजे फक्त मुंबईचा पडदा, हा आपला गैरसमज आहे. आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १९७५ साली अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने तिथल्या गावांसाठी दूरचित्रवाणीचा प्रकल्प सुरू केला. पीज गावच्या लहान प्रक्षेपकावरून शेती, आरोग्य, मजुरी, अस्पृश्यता या विषयांवरचे कार्यक्रम गावकऱ्यांच्याच भाषेत, पुष्कळदा त्यांनाच घेऊन केले जात. त्या कामाला १९८४ साली युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. १९७६ साली 'मंथन' झाला. दूध संघाच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि १० लाखांचे भांडवल उभे राहिले. पटकथा विजय तेंडुलकरांची, पडद्यावर आपली स्मिता पाटील. दूध उत्पादकांच्या पैशातून झालेला तो सिनेमा २०२४ साली डागडुजी करून कान महोत्सवात दाखवला गेला. सिनेमाला पैसा देणे म्हणजे उधळपट्टी, असे त्या शेतकऱ्यांना वाटले नव्हते. आणि आज इस्पितळांना, कारखान्यांना, विद्यापीठांना, सहकारी संस्थांना, सरकारी खात्यांना माहितीपट आणि प्रशिक्षणाच्या चित्रफिती लागतातच. ते काम कोणीतरी करते आणि त्याचे बिल लावते.

काही तरुण वाचक उलट बाजूने विचारतील की, हातात फोन आहे, पदवी कशाला? त्यांचेही म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. 'कोर्ट' हा मराठी चित्रपट २०१४ साली व्हेनिसला गौरवला गेला आणि पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळाचा मानकरी ठरला. त्याचे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे कोणत्याही फिल्म स्कूलमध्ये शिकलेले नाहीत. पण दुसरे उदाहरणही तितकेच खरे आहे. नागराज मंजुळे मराठीत एम.ए. झाले, मग अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला बसले. विद्यार्थिदशेतल्या कामातूनच त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'फँड्री' आणि 'सैराट' त्यानंतरचे. करमाळा तालुक्यातल्या वडार वस्तीतल्या त्या मुलाचे घराणे सिनेमाचे नव्हते. जिल्ह्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाने त्यांना कॅमेरा, शिक्षक, सोबती आणि स्वतःची गोष्ट सांगण्याची हिंमत दिली. ज्याच्या घरी हे सारे आधीच आहे त्याला पदवी नसली तरी चालेल. फोरमनच्या मुलीला ती लागते.

आता कर्ज. हा आमचा रोजचा विषय, म्हणून आकडे मांडतो. समजा, दोन वर्षांसाठी ८ लाख रुपये लागले. दरवर्षी ४ लाख. व्याज सोयीसाठी १० टक्के धरू. शिक्षण चालू असताना आणि नंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पुष्कळ पालकांना वाटते की, हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही. तसे नसते. पहिल्या वर्षी ४०,०००, दुसऱ्या वर्षी ८०,००० आणि तिसऱ्या वर्षी ८०,००० असे २ लाख रुपये व्याज साचते, आणि परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज १० लाखांचे झालेले असते. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,२०० रुपये. तेच व्याज या तीन वर्षांत वेळच्या वेळी भरत गेले, तर कर्ज ८ लाखच राहते आणि हप्ता सुमारे १०,५७० रुपये. दरमहा साधारण २,६०० रुपयांचा हा फरक, पहिल्या नोकरीच्या पगारात खोलीभाडे निघेल की नाही हे ठरवतो.

आणखी दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागता येत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज देण्यासाठी केंद्राची पतहमी योजना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्या यादीतल्या संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ठरावीक काळ व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. म्हणून आधी संस्था यादीत आहे का ते पाहावे, मग अर्ज करावा. परदेशातल्या चित्रपट शाळेसाठी राहते घर तारण ठेवू पाहणाऱ्या पालकांना आम्ही एवढेच सांगू की, आधी घरातल्या सर्वांना एकत्र बसवा आणि पहिल्या तीन वर्षांत काम कमी मिळाले तर हप्ता कोण भरणार, हे कागदावर लिहा.

या हिशेबातूनच आमचा ठराव निघाला आहे. नियम ७ मधील 'तत्सम व्यावसायिक शिक्षण' हे शब्द काढून 'मान्यताप्राप्त विद्यापीठाचे कोणतेही पदव्युत्तर अथवा व्यावसायिक शिक्षण' असे शब्द घालावेत. अशा विद्यार्थ्याने कर्ज घेतले असल्यास शिक्षणाच्या दोन वर्षांतले व्याज मंडळाच्या निधीने भरावे. वरच्या उदाहरणात ती रक्कम १ लाख २० हजार होते, आणि तीच वरची मर्यादा असावी. काम लागल्यावर पाच वर्षांत ती रक्कम बिनव्याजी परत करावी. तिसरी अट सयाजीराव महाराजांच्या कराराची आठवण ठेवून घातली आहे. महाराजांनी दहा वर्षे मागितली होती. आपण दहा दिवस मागू. संज्ञापन अथवा चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाच्या काळात दहा दिवस मंडळासाठी द्यावेत, आणि आपल्यातल्या ऐंशी वर्षांवरील सभासदांच्या मुलाखती नीट आवाजासह, नीट उजेडात चित्रित करून मंडळाच्या दप्तरी ठेवाव्यात. गेल्या वर्षभरात आपण ज्यांना निरोप दिला, त्यांच्यापैकी एकाचाही आवाज आपल्याकडे नाही. याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

शेवटी एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आमच्या काउंटरवर आला होता. त्यालाही हेच शिकायचे होते. प्रवेश मिळालेला होता, कर्जाची चौकशी करायची होती. आम्ही नियम पाहिले नाहीत, फॉर्म दिला नाही. वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, "पैसे बुडतील हो. एम.कॉम. करू द्या." वडिलांनी आमचा शब्द प्रमाण मानला, कारण आम्ही बँकेतले. मुलगा एम.कॉम. झाला. आज एका वित्त कंपनीत थकबाकी वसुलीचे काम करतो. घर चालते, लग्न झाले, सगळे ठीक आहे. दर गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकाची प्रकाशयोजना मात्र तोच करतो. चार दिवस रजा काढतो, शिडीवर चढून स्वतः दिवे बांधतो, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे आम्हांला पाहवत नाही. त्याने आम्हांला एका शब्दानेही कधी बोल लावलेला नाही. कदाचित त्याचे पैसे खरेच बुडाले असते. पण तो धोका घ्यायचा की नाही हे त्याने ठरवायचे होते. आमचे काम फॉर्म देण्याचे आणि हिशेब समजावण्याचे होते; ते आम्ही केले नाही.

परवाच्या बैठकीत ती मुलगी बाहेर पडली, तेव्हा आम्हांला तो काउंटर आठवला. सभासद बंधू-भगिनींनो, वार्षिक सभेला कोरमपुरते येऊ नका, मत द्यायला या. ठरावाच्या विरोधात बोलायचे असेल तर तेही जरूर बोला. त्या मुलीलाही सभेला बोलावले आहे, तिच्यासमोर बोला. प्रवेशाची फी भरण्याची मुदत अजून गेलेली नाही. ठराव फेटाळला गेला तरी तिच्या कर्जाचा फॉर्म आम्ही स्वतः भरून देणार आहोत. तिच्या हातात फॉर्मसोबत मंडळाचे पत्रही असावे, एवढीच आमची इच्छा आहे.